आक्काचं जुळलेलं रक्त

धैर्यशील गावडे उचगावात डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप चालवायचा. ट्रॅक्टर असो, ट्रक असो, जेसीबी असो, पंप बिघडला की त्याच्या टेबलावर यायचा. पन्नाशीला टेकलेला, अंगानं दणकट माणूस. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा त्यानं ती तंबाखूवर ढकलली. तंबाखू सोडली तरी धाप राहिली, तेव्हा वयावर ढकलली. शेवटी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि बायकोनं, क्रांतीनं, त्याला जवळजवळ ओढतच कोल्हापुरात डॉक्टर ऋता सबनीसांकडे नेलं. त्या रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर.

कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. जिथून रक्त तयार होतं त्या मूळ पेशीच बिघडल्या होत्या. हे असंच चाललं तर पुढं ब्लड कॅन्सर होणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आधी दर महिन्याला आठवडाभर इंजेक्शनं, आणि तब्येत जरा सावरली की पुण्याला नेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी मूळ पेशी त्याच्या अंगात घालायच्या.

"दुसऱ्या कुणाच्या म्हंजे?" धैर्यशीलनं विचारलं.

"सख्खं भावंड आहे?"

सख्खं भावंड एकच होतं. चंदगडची आक्का.

आक्काचं खरं नाव तानाबाई, पण ते रेशन कार्डापुरतंच उरलेलं. धैर्यशीलपेक्षा ती बारा वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. भाताची खाचरं आणि काजूची बाग ती मुलाला, जोतीरामला, हाताशी घेऊन बघायची. क्रांतीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "उद्या येते." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली.

"काय घ्याचं ते घ्या," तिनं डॉक्टरांना सांगितलं. "किडनी लागली तर ती बी घ्या."

डॉक्टर हसल्या. "किडनी राहू दे आक्का. जुळलं तर हातातल्या शिरेतूनच रक्त काढतात. मशीन त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करतं आणि बाकीचं तुम्हाला परत देतं."

जुळलं. अगदी पूर्ण जुळलं. त्या दिवशी क्रांतीनं नणंदेसाठी पुरणपोळ्या केल्या आणि वाढता वाढता रडली. धैर्यशीलला तोंडात फोड आलेले, त्याला काही खाता येत नव्हतं, पण तोही खुशीत होता. "आता तुझं रक्त माझ्यात म्हंजे मी बी तुझ्यासारखा भांडखोर होणार की," तो म्हणाला.

"आधी कमी हाईस व्हय?" आक्का म्हणाली.

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली. देणारा माणूस साठीच्या पुढचा असला की त्याच्या रक्तपेशींतले काही जीन बघून घेतात. सुई टोचण्याआधी त्यांनी आक्काला विचारलं होतं, "यात कधी कधी तुमच्याबद्दलच काही कळतं. कळलं तर तुम्हाला सांगू ना?"

"माझ्यात काय असणाराय?" आक्का म्हणाली. "सांगा की."

*

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीलाच बोलावून घेतलं. केबिनचं दार लावून घेतलं तेव्हाच आक्काला समजलं की काहीतरी आहे. नवऱ्याच्या वेळी असंच दार लावलं होतं.

"आक्का, तुमचं रक्त आज चांगलं आहे," डॉक्टरांनी सुरुवात केली. "हिमोग्लोबिन, पेशी, सगळं ठीक. तुम्ही आजारी नाही. पण तुमच्या काही रक्तपेशींमध्ये एक बिघाड दिसतोय. धैर्यशीलच्या ज्या जीनमध्ये बिघाड आहे, त्याच जीनमध्ये."

आक्का म्हणाली, "मला समजंल असं सांगा बाई. घाई करू नका."

डॉक्टरांनी खुर्ची जरा जवळ ओढली.

"आपल्या प्रत्येक पेशीत सगळी माहिती असते. डोळ्याच्या पेशीत रक्त कसं करायचं तेही लिहिलेलं असतं. पण डोळ्याला ते लागत नाही, म्हणून ते बंद करून ठेवलेलं असतं. बंद करायला बारीक खुणा असतात, मेथिल म्हणतात त्यांना. त्या खुणा लावणारे कामगार वेगळे आणि पुसणारे वेगळे. तुमचा बिघडलाय तो पुसणाऱ्यांपैकी. टेट-टू त्याचं नाव."

"दार लावणारा येगळा आन् उघडणारा येगळा."

"बरोबर. आता हाडातली मूळ पेशी घ्या. तिनं मोठं होऊन कामाची रक्तपेशी व्हायचं असतं. ते व्हायला काही दारं उघडावी लागतात. उघडणारा अर्धवट कामाचा राहिला की ती दारं बंदच राहतात. मग ती पेशी मोठी होत नाही. नुसती स्वतःसारख्याच आणखी पेशी काढत बसते."

"न वाढताच पिलावळ," आक्का म्हणाली.

"हो. धैर्यशीलच्या बाबतीत तेवढ्यावर थांबलं नाही, त्यावर आणखी बिघाड होत गेले, म्हणून तो आजारी पडला. त्याला देतो ते इंजेक्शन त्या खुणा कमी करतं, म्हणजे बंद पडलेली काही दारं उघडतात. तुमच्यात हा एकच बिघाड आहे, आणि तोही थोड्याच पेशींत. वय झालं की असं पुष्कळांत सापडतं. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना होतं. कुणाला होईल ते मला आज सांगता येणार नाही."

आक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मग माझं रक्त त्याला चालंल का न्हाई?"

"काही डॉक्टर चालवतील. मी पुण्याच्या टीमशी बोलले. एका बिघडलेल्या जागी दुसरा बिघाड नेऊन लावायचा धोका आम्हाला घ्यायचा नाही. त्याची मुलगी आहे, निशिगंधा. तिचं अर्धं जुळतं, आणि ती तरुण आहे. हल्ली अर्ध्यावरही चांगलं होतं."

आक्काला त्या क्षणी स्वतःबद्दल काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की लहानपणी या भावाला ताप आला की ती रात्रभर मांडीवर घेऊन बसायची, आणि आता जुळलेलं असूनही तिचं रक्त त्याच्या कामाचं नाही.

"घरच्यांना काय सांगणार?" तिनं विचारलं.

"तुमची माहिती तुमची आहे. मी एवढंच सांगेन की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही. कारण सांगणार नाही. पण तुम्ही सांगावं, असं मला वाटतं."

"न्हाई," आक्का म्हणाली. "त्येला कळलं तर तो माझ्या काळजीनंच खचंल. आन् दुसरं म्हंजे, भावाला बी तेच, भणीला बी तेच, असं एकदा गावात झालं की लोक म्हणणार घराण्यातच रक्ताचा दोष हाय. आमची निशी लग्नाची हाय बाई."

"पण हा घराण्यातला दोष नाहीच आहे आक्का."

"त्ये तुमाला म्हाईत."

*

डॉक्टरांनी शब्द पाळला. क्रांतीला त्यांनी तेवढंच सांगितलं. क्रांतीनं त्याचा तिच्या परीनं अर्थ लावला. नणंद डॉक्टरांना एकटीच भेटली, दार लावून बोलली, आणि बाहेर आल्यावर रक्त द्यायचं रद्द. जोतीराम मागे एकदा फोनवर म्हणाला होता, "आईचं वय झालंय मामी, तिला झेपंल का ते बघा." तेही तिला आठवलं.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तिनं आक्काला गाठलं.

"भ्यालासा व्हय आक्का?"

आक्कानं तिच्याकडे बघितलं. क्रांतीचे डोळे जागरणानं सुजले होते, केसांना तेल नव्हतं.

"नसंल द्यायचं तर आधीच सांगायचं की. जुळलं जुळलं म्हणून आमी नाचत बसलो. आता माझ्या पोरीला पुढं करायचं. तिनं अजून जगात काय बघितलंय?"

"तिला काय होत न्हाई," आक्का म्हणाली.

"मग तुमाला काय होत होतं?"

आक्का वळून जिन्याकडे गेली. भाऊ इंजेक्शनांसाठी वर दाखल होता; तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो ग्लानीत होता. मग स्टँडवर जाऊन ती चंदगडच्या गाडीत बसली.

घरी आल्यावर तिला वाटलं होतं, कामाला लागलं की विसरेन. तसं झालं नाही. काजूच्या फांदीनं हात खरचटला तर ती ओरखडा दिवसभर बघायची. गुडघ्यावर काळानिळा डाग दिसला की हा कधीचा, कशानं, हे आठवत बसायची. दम लागला तर तो चढणीचा की त्या बिघाडाचा? साठ वर्षं तिनं स्वतःच्या अंगाकडे बैलाकडे बघावं तसं बघितलं होतं, चालतंय तोवर चालवायचं. आता त्या अंगाचा भरवसा वाटेनासा झाला, आणि हे कुणाशी बोलायची सोय तिनं स्वतःच ठेवली नव्हती. धैर्यशीलचा फोन यायचा. ती तो वाजू द्यायची. त्याच्याशी बोललं तर तोंडातून निघून जाईल, ही भीती.

"मामाचा फोन हाय, घे की," जोतीराम म्हणायचा.

"हात भरल्यात," ती म्हणायची.

*

एका दुपारी अंगणात निशिगंधा उभी. खांद्याला सॅक, केस पावसानं चिकटलेले. तेवीस वर्षांची पोर, कोल्हापुरात एका ऑफिसात नोकरी करणारी. चंदगडला ती कधी एकटी आली नव्हती.

"पप्पांना काय झालं?" आक्काच्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"काही नाही. ठीक आहेत. मी तुझ्याकडं आलीये."

आक्कानं तिला कोरडा टॉवेल दिला, चहा ठेवला. निशीनं कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

"आत्या, मला खरं सांग. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं? खूप दुखतं का? पुढं काय त्रास होतो?"

"कशाला विचारतीस असं?"

"कारण तू घाबरलीस." निशीनं कप खाली ठेवला. "मम्मी सारखी म्हणते, आक्का घाबरल्या. डॉक्टर म्हणतात काही होत नाही. पण तू कशालाच घाबरत नाहीस, आत्या. मी लहान असताना मोरीत नाग निघाला होता, तू तो काठीवर घेऊन बांधावर सोडून आलीस. तू घाबरलीस म्हणजे त्यात काहीतरी असणारच. पुढच्या आठवड्यात मला पुण्याला जायचंय. मी हो म्हटलंय. पण मला झोप येत नाही. आणि असं वाटतं म्हणून माझीच मला लाज वाटते. माझे पप्पा आहेत ते."

आक्का चुलीजवळच्या पाटावर बसली. जिच्या भल्यासाठी म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं होतं, तीच पोर या गप्प राहण्यानं अर्धी झाली होती. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी भ्याले न्हाई निशी," ती म्हणाली. "मला देऊ दिलं न्हाई."

आणि तिनं सगळं सांगितलं. दारं, ती लावणारे, उघडणारे, न वाढणारी पिलावळ. डॉक्टरांचे शब्द तिला बरेच लक्षात राहिले होते. रोज मनात तेच तर चाललं होतं. निशी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा सैलावला, आणि मग एकदम परत आवळला.

"म्हणजे पप्पांना आहे आणि तुला पण आहे," ती म्हणाली. "मग मला?"

हा प्रश्न आक्काच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. लोक काय म्हणतील याचा तिनं विचार केला होता. पोर स्वतः काय विचारेल, याचा नव्हता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, घराण्यातला दोष नाही. पण का नाही, ते आक्कानं विचारून घेतलं नव्हतं. आणि आता अंदाजानं 'तुला न्हाई गं' म्हणायची तिची छाती होईना.

"मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "उद्या दोघी जाऊ. विचारू."

रात्री निशी तिच्याजवळच झोपली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघींनाही झोप लागली.

*

डॉक्टर ऋतांनी त्या दोघींना आत घेतलं आणि आधी आक्काकडे बघितलं. आक्कानं मान हलवली. "सांगा तिला. माझं बी सांगा."

"निशिगंधा, तुझा प्रश्न रास्त आहे, आणि आम्हालाही तो पडला होता," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून आम्ही तपासून घेतलं. एक, पप्पांचा आणि आत्यांचा जीन एकच, पण बिघाड वेगवेगळ्या जागी. आईबापांकडून आला असता तर दोघांत तो हुबेहूब एकाच जागी सापडला असता. दुसरं, जन्मापासून असता तर अंगातल्या प्रत्येक पेशीत असता. आत्यांच्या केसांच्या मुळांत तो नाही. फक्त रक्तात आहे. म्हणजे कधीतरी, उतारवयात, एका पेशीत झाला आणि तिच्या पिलावळीत राहिला."

"आणि दोघांनाही तोच जीन कसा?"

"टेट-टू बिघडणं या वयात फार दिसतं. एका घरात दोघांना होणं हा बहुतेक योगायोग. घराण्यात चालत येणारे असे काही जीन असतात, ते आम्ही तिघांचेही बघितले. काही सापडलं नाही. आणि तुझ्या रक्तात यातलं काहीच नाही."

"डिझेलमुळं झालं का पप्पांना?"

"असेलही. नसेलही. मला ते ठामपणे सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही ते मी सांगत नाही."

निशीनं खूप प्रश्न विचारले. पेशी वाढवायला जी इंजेक्शनं देतात त्यानं काय होतं (हाडं ठणकतात, ताप येतो, थोड्या दिवसांत जातं). पुढं मुलं होतील का (होतील). आपल्या पेशी कमी पडतील का (अंग पुन्हा तयार करतं). शेवटी ती म्हणाली, "हे मी आधीच विचारायला हवं होतं."

"आम्हीही तुला जरा जास्त वेळ द्यायला हवा होता," डॉक्टर म्हणाल्या. "अजूनही नको वाटलं तर नाही म्हणू शकतेस. घरी काय सांगायचं ते मी बघेन."

"नाही," निशी म्हणाली. "आता देते."

तिथून आक्का थेट भावाच्या खोलीत गेली. क्रांती त्याला पेज भरवत होती; नणंदेला बघून ती चमचा ठेवून उठायला लागली.

"बस क्रांती. तुला बी ऐकायचंय," आक्का म्हणाली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

धैर्यशीलच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते, गाल बसले होते. तो बहिणीकडे बघत राहिला.

"म्हंजे माझ्यापायी तुझं कळलं," तो म्हणाला. "नायतर तू सुखात हुतीस."

"सुखात न्हवते. म्हाईत न्हवतं येवढंच."

"एकच न्हवं ते?"

आक्कानं विचार केला. "आधी मला बी तसंच वाटलं. ह्या बाईनं कशाला सांगितलं, असं रोज म्हणत हुते. पण म्हाईत झालं म्हणून आता सहा महिन्यांनी रक्त तपासणार. काय वाढलं तर लौकर कळंल. तू धापा टाकत वर्षभर पंप खोलत बसलास तसं माझं न्हाई होणार."

धैर्यशीलला हसू आलं, आणि मध्येच त्याचा चेहरा वाकडा झाला. त्यानं तिचा हात ओढून आपल्या डोळ्यांवर ठेवला. "फोन का घेत न्हवतीस गं?" एवढंच तो म्हणाला.

क्रांतीनं माफी मागितली नाही. पेजेचं भांडं घेऊन ती बाहेर गेली, आणि बऱ्याच वेळानं परत आली ती आक्कासाठी डबा घेऊन. समोर बसून तिनं तो तिला संपवायला लावला. पार्किंगमधलं बोलणं दोघींपैकी कुणीच पुन्हा काढलं नाही.

*

पुण्यातलं प्रकरण सोपं गेलं नाही. निशीच्या पेशी काढायला एक सकाळ पुरली, पण धैर्यशील त्यानंतर बरेच आठवडे काचेआड होता. ताप, अंगावर पुरळ, आतड्यांना सूज. नव्या पेशींना जुनं अंग परकं वाटतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. एकदा तर क्रांतीनं सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. पण तो त्यातून निघाला. पावसाळा सरताना घरी आला, तोंडाला मास्क, काठी टेकत. वर्कशॉप आता दोन मेस्त्री चालवतात. तो खुर्चीवर बसून पंपाचा नुसता आवाज ऐकून त्यांना ओरडतो. आजार परत येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही, पण मज्जेच्या शेवटच्या तपासणीत तो सापडला नाही.

त्याचा रक्तगट बदललाय. आधी ए होता, आता निशीचा बी. याचं त्याला भारी अप्रूप. कुणी भेटायला आलं की सांगतो, "लेकीला मी जन्म दिला, आन् रक्त मला लेकीचं."

आक्का ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनी आली. डॉक्टर ऋतांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी धरला. बिघडलेल्या पेशी होत्या तेवढ्याच होत्या. वाढल्या नव्हत्या, गेल्याही नव्हत्या.

"त्या दारांना लावायचं काय औषध मला न्हाई व्हय?" आक्कानं विचारलं.

"सध्या नाही. आजार नसताना ते औषध देणं बरोबर नाही. लोक त्यावर काम करतायत. तोवर बीपी, साखर सांभाळा. अशा लोकांना हृदयाचाही त्रास जरा जास्त होतो, म्हणून सांगते."

"आन्?"

"आणि सहा महिन्यांनी या."

बाहेर निशी स्कूटर घेऊन उभी होती. डॉक्टर काय म्हणाल्या हे आत्याच्या चेहऱ्यावरून कळेना, म्हणून तिनं विचारलं.

"हाय तसंच हाय," आक्का म्हणाली आणि मागं बसली. "चल. तुझ्या आईनं मटण आणायला सांगितलंय, आन् ते बघून घ्यायची अक्कल तुला न्हाई."